अंगणवाडीतील यंत्र कोणाच्या हाती?

(कळंब, जि. यवतमाळ येथे अंगणवाडी सेविका, शिक्षक व कार्यकर्ते यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव, पीकविमा, सावकाराचे कर्ज असे प्रश्न दारात उभे असताना तीन ते सहा वर्षांच्या मुलांना संगणकाची ओळख कशी करून द्यावी, या विषयावर अभ्यासवर्ग कशाला, असा सवाल कोणी केल्यास तो गैर म्हणता येणार नाही. या वयाच्या मुलाला पोटभर खाऊ, अंगणभर खेळ आणि मायेचा हात मिळाला म्हणजे पुरे, अशी आपल्याकडील समजूत आहे. आणि ती बऱ्याच अंशी खरीही आहे. तथापि ज्या यंत्राला आत घ्यावे की न घ्यावे याचा खल चालला आहे, ते यंत्र अंगणवाडीत केव्हाच येऊन बसले आहे. छत गळके असेल, वीज तोडलेली असेल, वजनकाटा अडकत असेल. पण सेविकेच्या हाती मोबाईल असावाच लागतो. तेव्हा ते कोणाच्या कामासाठी आले आणि कोणाच्या हाती राहिले, याची झडती घेणे हे श्रमिकांच्या चळवळीचेच काम ठरते.

हे यंत्र आज काय करते? १ मार्च २०२१ पासून केंद्र सरकारने 'पोषण ट्रॅकर' नावाची प्रणाली देशभर लागू केली. केंद्र उघडले की नाही, किती मुले आली, कोणाचे वजन व उंची किती, गरम आहार दिला की नाही, घरी न्यायचा शिधा कोणाला मिळाला, ही सारी माहिती सेविकेने त्यात भरावयाची. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या शिध्यासाठी लाभार्थ्याचा चेहरा यंत्राने ओळखणे सक्तीचे झाले. म्हणजे बाळाला कडेवर घेऊन आलेली आई ओळखीच्या सेविकेसमोर उभी असते, सेविका तिला नावागावासह ओळखते, तिच्या बाळंतपणाची तारीखही तिला पाठ असते. पण यंत्राने मान डोलावल्याखेरीज शिधा द्यावयाचा नाही! रेंज नसलेल्या गावात ही मान किती वेळ डोलत नाही, हे येथे बसलेल्या भगिनींना सांगावयास नको.

महाराष्ट्रात २०१९ साली सेविकांना सरकारी मोबाईल वाटण्यात आले. दोन वर्षांत ते निकामी होऊ लागले. त्यांची स्मरणक्षमता तोकडी, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी, आणि वर नवी प्रणाली आली ती इंग्रजीत. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी हे मोबाईल प्रकल्प कार्यालयांत परत नेऊन दिले. त्या वेळी काही सुशिक्षितांनी 'या बायकांना तंत्रज्ञान नको आहे' असा निष्कर्ष काढला. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. चालणारे यंत्र हवे, ते मराठीत हवे आणि त्याचा भुर्दंड कामगाराला नको, असे त्या म्हणत होत्या. यंत्राविषयी याहून समंजस मागणी दुसरी कोणती असू शकते?

परंतु या साऱ्या धामधुमीत एक गोष्ट चळवळीच्याही नजरेतून निसटली. अंगणवाडीतील हे एकमेव यंत्र मुलांकडे पाहते, त्यांना मोजते, त्यांचे छायाचित्र घेऊन वर पाठविते. मूल मात्र त्या यंत्रातून काहीच पाहत नाही, त्याच्याकडून काही करवून घेत नाही. चार वर्षांच्या वयात यंत्राशी त्याचा जो पहिला संबंध येतो तो मोजल्या जाणाऱ्या वस्तूचा. त्याच वेळी कळंब गावात ज्यांना फी परवडते त्यांची मुले 'कॉन्व्हेंट'मध्ये केजी-वनला बसलेली असतात. (विदर्भात इंग्रजीचे चार शब्द शिकविणाऱ्या कोणत्याही बालवर्गाला कॉन्व्हेंट म्हणतात, येशूच्या संन्यासिनींशी त्याचा काडीचा संबंध नसतो.) अशा बालवर्गांच्या जाहिरातीत भिंतीवरचा मोठा पडदा असतो आणि बापाला तो पाहूनच भरून येते. पडद्यावर इंग्रजी गाणे चालू, पंचवीस-तीस मुले हाताची घडी घालून समोर पाहत आहेत, हे दृश्य आधुनिक दिसते. प्रत्यक्षात ते घोकंपट्टीचेच नवे रूप होय. छडीच्या जागी रंगीत चित्र आले, एवढाच फरक. गरिबाचे मूल यंत्राकडून मोजले जाते आणि मध्यमवर्गीयाचे मूल यंत्राकडून गप्प बसविले जाते. दोघांपैकी कोणाच्याही हाती यंत्र नाही.

ही स्थिती अपरिहार्य नव्हती. 'अंगणवाडी' हा शब्दच मुळी दुसऱ्या एका विचारातून जन्मला. ताराबाई मोडक यांनी १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या कार्यात आयुष्य वेचले. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर केलेले बालशिक्षणाचे काम सुखवस्तू घरांपुरते राहू नये म्हणून १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढले. आदिवासी पाड्यांवरील मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. मॉण्टेसोरी पद्धतीची महागडी साधने पाड्यावर परवडणारी नव्हती; तेव्हा शंख, शिंपले, बिया, खडे, पाने, मातीचे मणी यांतून साधने घडली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, साधन स्वस्त झाले म्हणून ते निकृष्ट झाले नाही. मुलाने ते हाताळावे, मोडावे, पुन्हा रचावे हा त्यामागील शास्त्रीय हेतू अबाधित राहिला.

१९७५ च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा तिने अंगणवाडी हे नाव घेतले. त्यातील शिक्षण मात्र शिध्याच्या पोत्याआड गेले. खिचडीचे महत्त्व कमी लेखण्याचा हेतू नाही. उपाशी मुलाला शिकविता येत नाही. पण अंगणवाडी म्हणजे खिचडी हे समीकरण राज्यकर्त्यांना सोयीचे होते. मूळ राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या शिक्षणाचा निर्देश होता. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाला मूलभूत हक्क मिळाला आणि सहा वर्षांखालील मूल 'राज्य प्रयत्न करील' अशा शब्दांवर सोडून देण्यात आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचा काळ 'पायाभूत स्तर' म्हणून शिक्षणात धरला, हे योग्यच झाले. हक्क मात्र दिला नाही. ज्या इमारतीचा पाया कायद्याबाहेर आहे तिच्या मजल्यांची घोषणा करण्याचा हा प्रकार आहे.

आता मूळ मुद्दा. या वयात संगणकीय कौशल्य म्हणजे नेमके काय? काचेवर बोट सरकविता येणे हे कौशल्य नव्हे. ते दोन वर्षांचे मूलही आपोआप करते आणि आजोबा कौतुकाने शेजाऱ्यांना दाखवितात. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले की, दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तास ही कमाल मर्यादा समजावी, त्याहून कमी असेल तर अधिक चांगले. तेव्हा पडद्याचा वेळ वाढविण्यास प्रगती म्हणता येत नाही.

याचे एक जुने आणि फार सुंदर उत्तर उपलब्ध आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील गणिती सेमूर पेपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकभाषा तयार केली. जमिनीवर चालणारे एक यंत्र-कासव आणि त्याला आज्ञा देणारे मूल, अशी ती कल्पना. संगणकाने मुलाला वळण लावण्याऐवजी मुलाने संगणकाला वळण लावावे, हा पेपर्ट यांचा आग्रह होता. त्याच संस्थेत १९७० नंतरच्या दशकात राडिया पर्लमन या तरुण संशोधिकेने शाळेतही न जाणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या मुलांसाठी हेच कासव सोपे केले. तिने अक्षरे काढूनच टाकली. चित्रांची पत्रे खाचांत ओळीने लावावयाची. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. कळ दाबली की कासव त्या क्रमाने चाले. क्रम चुकला तर भलतीकडे जाई, आणि मूल पत्रे काढून पुन्हा लावी.

आता हे कासव कळंबच्या अंगणवाडीत आणावयाचे तर डॉलर मोजण्याची गरज नाही. अंगणात खडूने किंवा रांगोळीने चौकटी आखाव्यात. पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर बाण काढावेत. एका मुलाने कासव व्हावे, तिघांनी मिळून पत्रे ओळीने मांडावीत आणि कासवाने पत्र्यांत आहे तेवढेच चालावे, स्वतःची अक्कल चालवू नये. (ही शेवटची अट मुलांना सर्वांत अवघड जाते आणि सर्वांत आवडते.) कासव विहिरीच्या चित्राऐवजी बाभळीच्या चित्रावर जाऊन थांबले की आरडाओरडा होतो: पत्रा कोणता चुकला? येथे जे घडते तेच आज्ञावलीचे मूळ आहे. मोठे काम लहान पायऱ्यांत फोडणे, क्रम लावणे, चूक कोठे आहे ते शोधून तेवढीच सुधारणे. यासाठी वीज लागत नाही, रेंज लागत नाही. आणि चूक शोधणे हे एकट्याचे काम राहत नाही. ते आपोआप चौघांचे होते.

सहकार्याचे कौशल्य म्हणतात ते याच ठिकाणी जन्मते. मिल्ड्रेड पार्टेन या अभ्यासिकेने १९३२ साली दाखवून दिले की, लहान मुले प्रथम एकेकटी, नंतर शेजारी-शेजारी पण आपापली आणि हळूहळू खऱ्या अर्थाने मिळून खेळू लागतात. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ व्हिगोत्स्की यांचे प्रतिपादन तर असे की, मूल आज जे दुसऱ्याच्या मदतीने करते ते उद्या एकटे करू लागते; म्हणजे एकट्याची बुद्धी ही सहवासातून येते. महाराष्ट्रात याचा पडताळा आला आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुले फळ्याकडे तोंड करून बसण्याचे सोडून जमिनीवर घोळक्याने बसली, एकमेकांना शिकवू लागली; राज्यभरातील शिक्षक ते पाहण्यास गेले.

दिल्लीच्या कालकाजी भागात १९९९ साली सुगत मित्रा यांनी भिंतीत भोक पाडून झोपडपट्टीच्या बाजूने एक संगणक बसविला आणि मुले शिक्षकाविना, घोळक्याने तो शिकली, ही गोष्ट जगभर गाजली. तिच्यातून निघणारा अर्धा निष्कर्ष मोलाचा आहे: एका यंत्राभोवती पाच डोकी जमली की शिकणे होते. मात्र शिक्षकाची गरजच नाही, हा दुसरा अर्धा निष्कर्ष सरकारी खर्च वाचविणाऱ्यांच्या पथ्यावर पडतो आणि तो नाकारला पाहिजे. जेथे मोठे माणूस नसते तेथे दांडगा मुलगा यंत्र बळकावतो. लहानगी मुलगी मागे उभी राहते. पाळी लावणे, मागच्यास पुढे आणणे, भांडणातून वाटणी शिकविणे हे सेविकेचे काम आहे आणि कोणतेही यंत्र ते करणार नाही. 'असर' च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ३६ टक्के होते आणि मुली २७ टक्के. ही दरी चौदाव्या वर्षी अचानक पडत नाही.

खेळाबरोबर एखादे खरे यंत्र असावे काय? असावे, पण पाच मुलांत एक, आणि बोलणारे नव्हे तर ऐकणारे व पाहणारे. मुलांनी करवंटीत मटकी किंवा हरभरा पेरावा. (कापसाचा मुलूख म्हणून सरकी पेरण्याचा मोह होईल, पण बाजारातल्या पाकिटातील सरकीला विषारी औषध चोळलेले असते, ती मुलांच्या हाती देऊ नये.) रोज एका मुलाने तिचे एक छायाचित्र घ्यावे. दहा दिवसांनी ती छायाचित्रे उलटसुलट करून मुलांपुढे ठेवावीत: आधीचे कोणते, नंतरचे कोणते? हा वाद फार रंगतो. यंत्र येथे स्मरणवही होते, आणि तिच्यात काय लिहावयाचे हे मुले ठरवितात.

याहून मोठी गोष्ट भाषेची आहे. कळंब, राळेगाव, केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या पट्ट्यात कोलामांचे पोड आहेत. कोलाम हा महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. कातकरी आणि माडिया गोंड हे इतर दोन. त्यांची कोलामी ही द्राविडी कुळातील स्वतंत्र भाषा आहे. मराठीची बोली नव्हे. एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील कोलामीचा अभ्यास करून १९५५ साली तिचे व्याकरण प्रसिद्ध केले. २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे सुमारे १ लाख २८ हजार होते. आपल्या भाषेत दिवसभर बडबडणारे पोडावरचे मूल अंगणवाडीत येताच मुके होते. मग 'कोलामाचे पोर बुजरे असते' असा शेरा त्याला चिकटतो. त्याच्यापुढे प्रमाण मराठीतील रंगीत चलच्चित्रे लावली तर मुकेपण अधिकच पक्के होईल, कारण आता ताईबरोबर यंत्रही त्याला न कळणारी भाषा बोलू लागते.

तेच यंत्र उलट फिरवून पाहावे. मुलांनी आजीपुढे ते धरावे. पाणी, वाघ, बी, चूल यांना कोलामीत काय म्हणतात ते तिच्या आवाजात नोंदवावे. आजीने एखादी गोष्ट सांगावी, मुलांनी तिची चित्रे काढावीत, चित्रांची छायाचित्रे घ्यावीत, आवाज आणि चित्र जोडून अंगणवाडीत ऐकावे. मराठी मुलांनीही ऐकावे आणि दोन शब्द उचलावेत. यात पोडावरचे मूल प्रथमच जाणता ठरते, कारण अर्थ सांगणारे तेच. हे सारे नोंदलेले पोडाचेच राहावे. ते कोणा कंपनीच्या साठ्यात जाऊ नये, मुलांचे चेहरे वर पाठवू नयेत. २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्याने मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. सरकारने स्वतःसाठी पळवाटा ठेवल्या असल्या तरी पालकांना हा मुद्दा माहीत असावा.

कळंबहून वर्धा फार दूर नाही. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-कळंब रेल्वेमार्गाचे उद्घाटन झाल्यावर तर ते अधिकच जवळ आले. त्या वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये नई तालीमची परिषद भरली आणि १९४५ साली सेवाग्रामला तिचा विस्तार पूर्व-बुनियादी वयापर्यंत करण्यात आला. टकळी पुन्हा आणावी, असे कोणी म्हणत नाही. समाजवाद्यांचे टकळीशी फारसे सूत कधीच जमले नाही. परंतु मुलाच्या हाती जे साधन द्यावयाचे ते त्याच्या गावच्या कामाशी आणि कापसाशी नाते सांगणारे असावे, त्यातून निघालेले काही सर्वांच्या उपयोगी पडावे, ही त्या विचारातील दृष्टी आजच्या यंत्रालाही लावता येते.

आता हे करणार कोण? ज्या सेविकेकडून ही अपेक्षा, तिला शासन वेतन देत नाही, 'मानधन' देते. शब्द आदराचा आहे आणि कमी पैसे देण्यासाठीच योजलेला आहे. २०२३ साली राज्यात सेविकेचे मानधन ८,३२५ रुपयांवरून १०,००० आणि मदतनीसेचे ४,४२५ वरून ५,५०० झाले. नंतर त्यात आणखी भर पडली, तीही लढून. ४ डिसेंबर २०२३ रोजी सुरू झालेला राज्यव्यापी संप जानेवारीपर्यंत चालला. त्यापूर्वी २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांना उपदानाचा कायदा लागू होतो, असा निर्णय दिला. त्या अन्नसुरक्षा आणि शिक्षणहक्क या कायद्यांखालील कामे करतात, हेही मान्य केले. सकाळचा निम्मा वेळ माहिती भरण्यात गेला तर पत्र्यांचा खेळ मांडावयाचा केव्हा? म्हणून बालशिक्षणाची मागणी आणि सेविकांची मागणी वेगवेगळ्या पत्रकांत छापणे चुकीचे आहे.

या तालुक्यापुरते काही ठरविता येईल. नोंदी भरण्याच्या मोबाईलव्यतिरिक्त प्रत्येक अंगणवाडीत मुलांच्या वापरासाठी एक स्वतंत्र यंत्र असावे, दुरुस्तीसह ते शासनाने द्यावे आणि चेहरा जुळला नाही म्हणून कोणाचाही शिधा अडवू नये, असा ठराव ग्रामसभांत मांडावा. पोडांवरील अंगणवाडीत कोलामी जाणणारी स्त्री सेविका वा मदतनीस म्हणून असावी. पत्रे आणि चौकटींचा खेळ यासाठी मात्र कोणत्याही ठरावाची वाट पाहावी लागत नाही. पुठ्ठे येत्या आठवड्यातही कापता येतील. एक अडचण राहते. वेचणीच्या हंगामात आया पहाटेच शेतात जातात आणि मुलांना बरोबर नेतात, कारण अंगणवाडी उघडते तेव्हा त्यांना घरी सांभाळणारे कोणी नसते. वेचणीच्या दोन-तीन महिन्यांत अंगणवाडीची वेळ मजूर स्त्रियांच्या वेळेशी जुळावी आणि त्या वाढीव तासांचा पैसा सेविका-मदतनिसांना मिळावा, ही मागणी कोणत्या शब्दांत मांडावी, यावर येथे उपस्थित भगिनींनीच आता बोलावे.